डॉक्टर झाल्यावर पुन्हा विद्यार्थी

रक्तपेढीतून आलेली पिशवी रुग्णाला लावण्यापूर्वी तिच्यावरचे अक्षर रुग्णाच्या कागदाशी ताडून पाहिले जाते. एकाने वाचायचे, दुसऱ्याने खात्री करायची, असा बहुतेक रुग्णालयांचा शिरस्ता असतो. हा शिरस्ता कंटाळवाणा वाटला तरी त्यात सूट नसते, कारण अक्षर चुकले तर चांगले, ताजे, निर्जंतुक रक्तही माणसाचा जीव घेऊ शकते. ए, बी आणि ओ या अक्षरांमागे कार्ल लँडस्टायनर या व्हिएन्नाच्या डॉक्टरचे काम आहे. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शिबिरे होतात, फलक लागतात. पण हा माणूस त्या शोधापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, हे फारसे सांगितले जात नाही. ती वाट रुग्णालयातून निघून रसायनशाळेत जाते.

एकच आजार असलेल्या दोन रुग्णांना एकच औषध दिले, तर एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला त्रास होतो, असे का घडते, हा ‘प्रिसिजन मेडिसिन’ या शाखेचा मूळ प्रश्न आहे. या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत डॉक्टरांना पुन्हा वर्गात बसून जनुकशास्त्र, जैवरसायन आणि संख्याशास्त्र शिकावे लागते. लँडस्टायनर यांच्या काळात असा अभ्यासक्रम कुठेच नव्हता. त्यांनी तो स्वतःसाठी जुळवला, तोही वैद्यकीय पदवी हातात पडल्यावर, जेव्हा सोबतचे डॉक्टर दवाखान्याची पाटी लावायच्या तयारीत असतात.

त्यांचा जन्म १८६८ साली व्हिएन्नाजवळ झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार आणि वृत्तपत्राचे संपादक होते. कार्ल सहा वर्षांचा असताना ते वारले आणि मुलाला आई फॅनी यांनी वाढवले. आई आणि मुलगा यांची जवळीक विलक्षण होती. १९०८ मध्ये आई गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा घेऊन केलेला मुखवटा लँडस्टायनर यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर लावला. पुढे देश बदलले, घरे बदलली, पण तो मुखवटा अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. जन्माने हे कुटुंब ज्यू. १८९० मध्ये मायलेकांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली. त्याच वर्षी, आहारामुळे रक्ताच्या राखेत कोणते फरक पडतात यावर त्यांचा निबंधही प्रसिद्ध झाला. रक्ताची ओढ अशी सुरुवातीपासून होती. पण रक्तात काय घडते हे समजून घ्यायचे तर रोग्याची नाडी पाहणे पुरेसे नाही, पदार्थांची रचना कळायला हवी, हे त्यांना उमगले होते. म्हणून हा नवा डॉक्टर घर सोडून रसायनशास्त्र शिकायला निघाला. झुरिचमध्ये हान्ट्श, वुर्झबर्गमध्ये एमिल फिशर आणि म्युनिकमध्ये बांबर्गर अशा तीन नामवंतांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काही वर्षे काढली. फिशर हे शर्करांच्या रचनेचा उलगडा करणारे त्या काळचे सर्वांत मोठे रसायनतज्ज्ञ होते. १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्यांच्याबरोबर लँडस्टायनर यांनी ग्लायकोलाल्डिहाइड या शर्करेच्या जवळच्या छोट्याशा रेणूवर काम केले. पुढे या शिक्षणाची गंमत अशी झाली की लँडस्टायनर यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले रक्तगट हे शर्करांचेच खेळ निघाले. ते कळायला मात्र अर्धे शतक जावे लागले.

व्हिएन्नाला परतल्यावर त्यांनी काही काळ रुग्णालयात काम केले आणि १८९६ मध्ये माक्स फॉन ग्रुबर यांच्या स्वच्छताशास्त्र संस्थेत साहाय्यक म्हणून दाखल झाले. योग चांगला होता. त्याच वर्षी ग्रुबर आणि त्यांचे सहकारी डरॅम यांनी दाखवून दिले होते की रोगातून बऱ्या झालेल्या प्राण्याचे रक्तजल, म्हणजे सीरम, त्या रोगाच्या जंतूंवर टाकले की जंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. ही चिकटण्याची क्रिया लँडस्टायनर यांनी नीट मनात ठेवली. १८९८ पासून पुढची दहा वर्षे ते विकृतिशास्त्र विभागात होते. तिथे रोजचे काम शवविच्छेदनाचे. त्या काळात त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. सकाळ मृतांबरोबर, उरलेला वेळ परीक्षानळ्यांबरोबर, असा दिनक्रम होता. बोलणे कमी, मित्र थोडे, स्वभाव काहीसा उदास. विद्यार्थ्यांना आपल्या व्याख्यानांनी भारून टाकणारे शिक्षक ते कधीच नव्हते.

आता त्या शोधाकडे वळू. एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याची कल्पना जुनी होती. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये कोकराचे रक्त माणसाला दिले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स ब्लंडेल यांनी बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या स्त्रियांना माणसाचेच रक्त द्यायला सुरुवात केली. काही वाचल्या, काही गेल्या. का वाचल्या आणि का गेल्या, हे कोणालाच सांगता येईना. १८७५ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ लांडोइस यांनी एक गोष्ट सिद्ध केली : एका जातीच्या प्राण्याचे सीरम दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या तांबड्या पेशी फोडते. म्हणजे प्राण्याचे रक्त माणसाला चालणार नाही हे कळले. पण माणसाचे माणसाला का चालत नाही? सगळ्या माणसांचे रक्त सारखेच, या समजुतीवर तेव्हा कोणी शंका घेत नव्हते.

कधीकधी एका माणसाचे सीरम दुसऱ्याच्या तांबड्या पेशींचे पुंजके करते, असे निरीक्षण आणखी काहींनीही केले होते. पण ते रक्त बहुधा रुग्णांचे असे. त्यामुळे हा आजाराचा परिणाम असावा, किंवा जंतूंची करामत असावी, असा अर्थ लावून लोक पुढे जात. १९०० मध्ये लँडस्टायनर यांनी एका निबंधाच्या तळटीपेत लिहून ठेवले की निरोगी माणसांतही हे घडते आणि त्याचे कारण व्यक्तीव्यक्तींतला मूळचा फरक असू शकते. ही तळटीप वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत मोलाच्या तळटिपांपैकी एक म्हणावी लागेल.

मग त्यांनी प्रयोग लावला, आणि तो इतका साधा होता की आज शाळेतही करता यावा. आजाराचा संशय राहू नये म्हणून रक्त घेतले ते प्रयोगशाळेतल्या धडधाकट सहकाऱ्यांचे आणि स्वतःचे. प्रत्येकाच्या रक्तातून सीरम आणि तांबड्या पेशी वेगळ्या केल्या. मग प्रत्येकाचे सीरम प्रत्येकाच्या पेशींत मिसळून पाहिले. कुठे पेशी मोकळ्या राहिल्या, कुठे पुंजके झाले. ते अधिक-उण्याच्या चिन्हांनी तक्त्यात भरले. सहा माणसांचा तक्ता कागदावर उतरताच एक शिस्त दिसू लागली. स्वतःच्या पेशींचे पुंजके कोणाचेच सीरम करत नव्हते. पण काहींचे सीरम ठरावीक माणसांच्याच पेशी गोळा करत होते आणि त्या माणसांचे सीरम उलट पहिल्यांच्या. एकूण २२ निरोगी व्यक्तींचे रक्त तपासून १९०१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला : माणसांचे रक्त तीन प्रकारचे आहे. त्यांना त्यांनी ए, बी आणि सी म्हटले. सी म्हणजे आजचा ओ. लँडस्टायनर यांचे स्वतःचे रक्त याच तिसऱ्या गटातले. चौथा, दुर्मीळ एबी गट पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी स्टुर्ली आणि डेकास्टेलो यांना सापडला. २२ जणांत तो निसटला यात नवल नाही.

निबंध काही पानांचाच होता. शेवटी त्यांनी हेही नमूद केले की रक्त दिल्यावर कधी बरे, कधी वाईट परिणाम का होतात, याचा उलगडा यातून होऊ शकेल. कोणी फारसे लक्ष दिले नाही. शल्यविशारदांची तेव्हाची डोकेदुखी वेगळी होती : रक्त बाहेर काढताच गोठायचे, म्हणून दात्याची धमनी थेट रुग्णाच्या शिरेला जोडावी लागे. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात रुबेन ओटेनबर्ग यांनी आधी रक्त जुळवून मग ते देण्यास सुरुवात केली. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट घातले की रक्त गोठत नाही हे कळले, आणि पहिल्या महायुद्धाने गरज एवढी वाढवली की गट तपासणे अटळ झाले. दरम्यान एक घोळ होऊन बसला होता. यान्स्की आणि मॉस या दोघांनी गटांना स्वतंत्रपणे रोमन आकडे दिले होते, पण ते उलटसुलट. एकाचा पहिला गट तो दुसऱ्याचा चौथा. एका रुग्णालयातला दाता दुसरीकडे गेला की आकडा तोच, रक्त मात्र भलते. हा जीवघेणा गोंधळ १९२० च्या दशकाच्या अखेरीस अक्षरांची पद्धत स्वीकारली गेल्यावर हळूहळू मिटला.

हे गट आनुवंशिक आहेत हे १९१० मध्ये सिद्ध झाले. महायुद्धात सालोनिका आघाडीवर लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सुमारे आठ हजार लोकांचे रक्त तपासले. त्यांत भारतीय शिपाईही होते. इंग्रजांत क्वचित आढळणारा बी गट भारतीयांत भरपूर निघाला. आपल्याकडे बी गटाचे लोक पावलोपावली भेटतात, त्याची ही पहिली मोठी नोंद.

लँडस्टायनर यांच्या तक्त्यात न बसणारे रक्त पुढे मुंबईतच सापडले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे वर्णन केले. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ वाटते, पण ओ गटाचे रक्त दिले तर ते सोसत नाही. कारण असे : तांबड्या पेशीवर एच नावाचा शर्करांचा एक पाया असतो. ए गटात त्याच्या टोकाला एक शर्करा जोडली जाते, बी गटात दुसरी, ओ गटात तो पाया तसाच मोकळा राहतो. मुंबईच्या या लोकांत पायाच नव्हता, त्यामुळे एच असलेले कोणाचेही रक्त त्यांच्या शरीराला परके. हाच आजचा ‘बॉम्बे रक्तगट’. भारतात साधारण दहा हजारांत एकाकडे तो आढळतो आणि अशा माणसाला रक्त लागले की त्याच गटाचा दाता शोधण्यासाठी फोनवर फोन सुरू होतात. ए आणि बी यांतला फरक किती? शर्करा जोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, ठरवणारा जनुक १९९० मध्ये उलगडला, तेव्हा दिसले की दोन्ही विकरांत अवघ्या चार अमिनो आम्लांचा महत्त्वाचा फरक आहे. चार जागांवरचा बदल, आणि चुकीची पिशवी लागली तर गाठ मरणाशी.

रक्तगटांच्या शोधानंतर लँडस्टायनर त्याच विषयाला चिकटून बसले नाहीत. १९०३ मध्ये वाळलेल्या रक्ताच्या डागावरून गट ओळखता येतो का, हे त्यांनी न्यायवैद्यकाच्या दृष्टीने तपासले. १९०४ मध्ये डोनाथ यांच्यासह, थंडी बाधली की ज्यांची लघवी लाल होते अशा रुग्णांचे कोडे सोडवले. त्या रुग्णांचीच प्रतिपिंडे थंडीत त्यांच्या पेशींना चिकटून पुढे त्या फोडतात, हे दाखवले. शरीर स्वतःवरच उलटते ही कल्पना तेव्हा अनेकांना पचली नाही. १९०८ मध्ये ते विल्हेल्मिनेन रुग्णालयात शवविच्छेदन विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी एर्विन पॉपर यांच्यासह त्यांनी पोलिओने दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांना टोचून रोग संक्रमित केला. त्यात कोणताही जंतू दिसत नव्हता, म्हणून कारण अतिसूक्ष्म विषाणू असावे असा तर्क त्यांनी मांडला. पोलिओच्या लशीपर्यंतची साखळी इथून सुरू होते. व्हिएन्नात प्रयोगाला पुरेशी माकडे मिळेनात, म्हणून पुढचे काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या मदतीने झाले.

एवढे करूनही व्हिएन्नाने त्यांना काय दिले? १९११ मध्ये प्राध्यापकपद दिले, पण त्याला साजेसा पगार दिला नाही. शवविच्छेदनाच्या नोकरीवर संसार आणि फावल्या वेळात संशोधन, असेच चालू राहिले. लग्न केले तेच ४८ व्या वर्षी, १९१६ मध्ये, हेलेन व्लास्टो यांच्याशी. वर्षभरात मुलगा झाला. पण तोवर युद्धाने शहर पोखरले होते. युद्ध हरलेल्या ऑस्ट्रियात अन्न नव्हते, कोळसा नव्हता, प्रयोगाला पैसा तर दूरच. पन्नाशी ओलांडलेला हा शास्त्रज्ञ १९१९ मध्ये बायको-मुलाला घेऊन हॉलंडला गेला आणि हेगमधल्या एका छोट्या कॅथलिक रुग्णालयात नोकरी धरली. तिथे काम लघवी-रक्ताच्या रोजच्या तपासण्यांचे. जोडीला ट्युबर्क्युलिन बनवून थोडी मिळकत. रक्तगटांचा जनक एका सामान्य तंत्रज्ञाचे काम करत होता, आणि तरीही त्या दोन-तीन वर्षांत तिथल्या अपुऱ्या जागेत त्यांनी डझनभर निबंध लिहिले.

त्यांचे मन आता ज्या प्रश्नात गुंतले होते, तो त्यांच्या मते रक्तगटांहून मोठा होता. शरीर परके ते परके म्हणून ओळखते तरी कसे? इथे तरुणपणी शिकलेले रसायनशास्त्र कामाला आले. प्रथिनाला एखादा छोटा, घडवलेला रासायनिक रेणू जोडायचा, ते मिश्रण सशाला टोचायचे आणि तयार झालेली प्रतिपिंडे कशाला चिकटतात ते पाहायचे. एकटा छोटा रेणू प्रतिपिंडे निर्माण करू शकत नाही. प्रथिनाच्या खांद्यावर बसला की करतो. अशा रेणूला त्यांनी १९२१ मध्ये ‘हॅप्टेन’ हे नाव दिले. मग रेणूत बारीकसारीक फेरफार सुरू झाले. तोच गट कड्यावर एका जागेऐवजी शेजारच्या जागी जोडला, तर प्रतिपिंडे तो फरक ओळखत. टार्टारिक आम्लाची डावी आणि उजवी रूपे, जी आरशातल्या प्रतिबिंबासारखी असतात, तीही ती वेगळी काढत. काही औषधे काही जणांनाच का बाधतात, पेनिसिलिनने एखाद्याच्याच अंगावर पुरळ का उठते, याची आजची समज याच कामावर उभी आहे. औषधाचा तुकडा शरीरातल्या प्रथिनाला जोडला जातो आणि तेच रामायण घडते. एखाद्याची तब्येत ‘नाजूक’ आहे म्हणून सोडून देण्याऐवजी त्या नाजूकपणाचा रेणू शोधायचा, ही सवय वैद्यकाला लावणाऱ्यांत लँडस्टायनर अग्रभागी होते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावले आणि १९२२ च्या सुमारास हे कुटुंब अमेरिकेत आले. पहिल्यांदाच पोटापाण्याची चिंता न करता संशोधन करता येऊ लागले. महानगराचा गोंगाट त्यांना कधी मानवला नाही. उन्हाळ्यात नॅन्टकेट बेटावरच्या घरी जाणे तेवढे आवडे. १९२७ मध्ये फिलिप लेव्हिन यांच्यासह त्यांनी एम, एन आणि पी हे आणखी रक्तघटक शोधले. १९३० मध्ये वैद्यकाचे नोबेल मिळाले ते रक्तगटांसाठी. स्वतः त्यांना मात्र प्रतिपिंडांच्या रसायनावरचे काम अधिक मोलाचे वाटे, आणि चुकीच्या कामाला बक्षीस मिळाले अशी त्यांची काहीशी भावना होती. ज्यांना वेळेवर जुळते रक्त मिळाले त्यांचे मत अर्थातच वेगळे असणार.

युरोपात हिटलरची सत्ता पसरत असताना, १९३७ मध्ये, अमेरिकेतील ज्यू व्यक्तींच्या परिचयकोशात आपले नाव छापले म्हणून त्यांनी प्रकाशकांविरुद्ध दावा लावला. त्यातून काही साधले नाही, उलट गवगवाच झाला. मुलाच्या काळजीने त्यांना ग्रासले होते. माणसामाणसांतले फरक एवढ्या बारकाईने टिपणाऱ्या शास्त्रज्ञाला, समाजाने लावलेल्या एका चिठ्ठीची अशी धास्ती वाटावी, हे त्या काळाचेच वर्णन आहे.

सत्तरी उलटली तरी काम थांबले नाही. अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी ऱ्हीसस माकडाच्या पेशी वापरून आणखी एक घटक शोधला आणि १९४० मध्ये तो जाहीर केला. रक्तगटापुढे आपण लावतो ते ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ इथून आले. निगेटिव्ह आईच्या पोटात पॉझिटिव्ह मूल असेल, तर आईची प्रतिपिंडे मुलाच्या पेशी फोडू शकतात. पहिले मूल सुखरूप आणि पुढची मुले पोटात किंवा जन्मताच दगावतात, या घरोघरच्या दुःखाचे एक मोठे कारण त्याच सुमारास उलगडले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अँटी-डीचे इंजेक्शन आले आणि आज गर्भवतीच्या पहिल्याच तपासणीत रक्तगट पाहिला जातो तो यासाठी.

अखेरच्या वर्षांत हेलेन यांना थायरॉइडचा कर्करोग झाला. लँडस्टायनर यांनी आपला सगळा अनुभव बाजूला ठेवून या वयात कर्करोगाचा अभ्यास सुरू केला, जणू पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. हाती काही लागायला वेळ उरला नव्हता. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत हातात पिपेट असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी संस्थेच्याच रुग्णालयात ते गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस हेलेनही गेल्या. प्रतिपिंडांच्या रसायनावरील ग्रंथाची दुरुस्त आवृत्ती त्यांनी मृत्यूपूर्वी पुरी करत आणली होती. ती १९४५ मध्ये छापून आली.